बोट लागणे आणि बोट बुडणे

मराठीत गाडी लागते, घाट लागतो, तशी बोटही लागते. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला जाणाऱ्या आगबोटींचा जमाना सरून बरीच वर्षे झाली, पण 'मला बोट लागते' हे वाक्य रत्नागिरी-मालवणकडच्या घरांत अजूनही ऐकू येते. त्या काळी बोटीत चढताना लिंबू आणि आवळासुपारी बरोबर असायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे, कारण खवळलेल्या समुद्राशी कोणी खेळत नसे.

आता बोटीचा प्रवास पुन्हा आला आहे, पण वेगळ्या रूपात. गावी पोहोचण्यासाठी नव्हे, तर सुटीतली मौज म्हणून. २०१८ मध्ये मुंबई-गोवा अशी पर्यटक जहाजाची फेरी सुरू झाली आणि त्यानंतर इतरही जहाजे आली. अनेक कुटुंबे मुलाबाळांसह दोन-चार दिवस समुद्रावर राहून येतात. समुद्र शांत असला की सारे छान असते. पण वारा वाढला, टेबलावरचे पेले सरकू लागले, जिन्यावरून चालताना कठडा धरावा लागला, की मोठ्या माणसांच्याही मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात : 'आता उलटी होणार का?' आणि 'हे जहाज उलटणार तर नाही ना?'

हे दोन प्रश्न आपल्याला एकच वाटतात. जहाज जितके जास्त हलेल तितका त्रास जास्त आणि धोकाही जास्त, असा आपला सरळ हिशेब असतो. गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर हा हिशेब चुकीचा असल्याचे दिसते. तो कसा चुकतो, हे समजायला शास्त्रज्ञांना आणि जहाज बांधणाऱ्यांना मोठी किंमत मोजावी लागली. तीच हकीकत ह्या लेखात पाहू.

थोरांनाही बोट लागते

मळमळीसाठी इंग्रजीत 'नॉशिया' हा शब्द आहे. त्याचे मूळ ग्रीक भाषेतल्या 'जहाज' ह्या अर्थाच्या शब्दात आहे. म्हणजे हा त्रास निदान ग्रीक नाविकांइतका जुना. 'बीगल' जहाजावरून चार्ल्स डार्विन २७ डिसेंबर १८३१ रोजी निघाला आणि जवळजवळ पाच वर्षे फिरला. ह्या साऱ्या काळात समुद्र खवळला की तो आजारी पडे. सुरुवातीच्या दिवसांत तर मनुक्यांखेरीज त्याच्या पोटात काही ठरत नसे. ब्रिटिश आरमाराचा नामांकित सेनानी नेल्सन यालाही अखेरपर्यंत वादळी हवेत बोट लागत असे. तेव्हा हा भित्र्यांचा किंवा अशक्तांचा आजार आहे, ही समजूत त्या काळीही खरी नव्हती.

पण ह्या त्रासाचे कारण कोणाला ठाऊक नव्हते. साधा तर्क असा होता की जहाज हलते म्हणून पोट ढवळते. तेव्हा जहाजाचे हलणे थांबवले की काम झाले. त्यासाठी आधी जहाज का हलते हे समजायला हवे होते.

फ्रूडचे उत्तर

१८५८ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे २११ मीटर लांबीचे अजस्र जहाज पाण्यात उतरले. एवढे मोठे जहाज लाटांवर कसे वागेल, हे तपासण्याचे काम त्याचा निर्माता ब्रूनेल याने विल्यम फ्रूड ह्या इंजिनिअरवर सोपवले. फ्रूडने १८६१ मध्ये आपला निबंध वाचला, आणि जहाजांच्या डोलण्याचे शास्त्र तिथून सुरू झाले असे म्हणता येईल.

तोपर्यंतची समजूत अशी, की लाट जहाजाच्या कुशीवर धडकते आणि त्या धक्क्याने जहाज कलते. फ्रूडने दाखवले की मुख्य गोष्ट धक्का ही नाही. लाटेवर पाण्याचा पृष्ठभागच तिरपा झालेला असतो आणि जहाज त्या तिरप्या पृष्ठभागाशी काटकोनात उभे राहू पाहते. लाट पुढे सरकली की उतार उलट्या बाजूला होतो आणि जहाजही उलट्या बाजूला कलू लागते. त्यातच प्रत्येक जहाजाचा स्वतःचा असा दोलनकाल असतो. शांत पाण्यात ते एका बाजूला कलवून सोडले, तर एक पूर्ण हेलकावा घ्यायला त्याला ठराविक वेळ लागतो. लाटाही नेमक्या त्याच कालाने येऊ लागल्या तर काय होईल? झोपाळ्याला योग्य क्षणी हलकेच धक्का देत गेले तर तो उंच जातो, तसेच जहाजाचे होते. साध्या लाटाही त्याला भयंकर डोलवू शकतात. ह्यालाच आपण अनुनाद म्हणतो.

वाऱ्याने उठलेल्या लाटांचा आवर्तकाल साधारण ५ ते १५ सेकंद असतो. खोल समुद्रात १० सेकंदांच्या लाटेची लांबी सुमारे १५६ मीटर भरते. खवळलेल्या समुद्रात कप्तान कधी कधी जहाजाची दिशा किंवा वेग बदलतो, त्यामागचे एक महत्त्वाचे कारण हे आहे. लाटांचा काल त्याच्या हातात नसतो, पण त्या जहाजाला किती वेळाने भेटतील हे त्याला बदलता येते.

फ्रूडच्या विचारातून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला. वर्गात तो सहज पाहता येईल. प्लॅस्टिकचा एक चौकोनी डबा पाण्याने भरलेल्या टबात तरंगत ठेवा. डब्याच्या तळाशी चार जाड सेल आडवे ठेवून चिकटवा आणि डबा एका बाजूला किंचित दाबून सोडा. तो भराभर डोलेल. आता तेच सेल डब्याच्या मध्यभागी उभे करून चिकटवा, म्हणजे वजन वर जाईल. पुन्हा दाबून सोडा. आता डबा संथपणे, सावकाश डोलेल. सेलवर सेल चढवत वजन आणखी वर नेले, तर डोलणे आणखी संथ होत जाईल आणि एका क्षणी डबा डोलण्याऐवजी सरळ उलटेल.

म्हणजे गुरुत्वमध्य जितका खाली, तितके जहाज ताठ. ते लाटेचा प्रत्येक उतार इमानाने पाळते, झटके देते, प्रवाशांना हैराण करते, पण सहजी उलटत नाही. गुरुत्वमध्य वर नेला की जहाज सुखद होते, पण त्याची सावरण्याची ताकद कमी होते. आराम आणि सुरक्षितता ह्यांची दिशा एक नाही.

'कॅप्टन'चा धडा

ही केवळ टबातली गंमत नव्हती, हे ७ सप्टेंबर १८७० रोजी मध्यरात्रीनंतर सिद्ध झाले. ब्रिटिश आरमाराची 'कॅप्टन' ही नवीन युद्धनौका स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळात उलटली. ती कूपर कोल्स ह्या अधिकाऱ्याच्या कल्पनेतून बांधली गेली होती. तिचा डेक पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच होता आणि तरीही तिच्यावर उंच डोलकाठ्या आणि शिडांचा पूर्ण संभार होता. आरमाराचा प्रमुख जहाज-रचनाकार एडवर्ड रीड याचा ह्या रचनेला विरोध होता. पण पहिल्या फेऱ्यांतून आलेले अहवाल अनुकूल होते. ती समुद्रावर फारशी डोलत नसे!

नंतरच्या हिशेबातून कारण कळले. 'कॅप्टन' सुमारे २१ अंशांपर्यंत कलली की तिची सावरण्याची ताकद कमाल असे. त्यापुढे ती घटत जाऊन सुमारे ५४ अंशांना संपत असे. डेक बुटका असल्याने थोडे कलताच त्याची कड पाण्यात जाई. त्याच वादळात असलेल्या 'मोनार्क' ह्या उंच डेकच्या नौकेची ताकद मात्र ४० अंशांपर्यंत वाढत जात होती. ती वाचली. 'कॅप्टन'वरील जवळजवळ ४८० माणसे बुडाली. त्यांत स्वतः कोल्सही होता. वाचले केवळ १८ जण.

थोडक्यात, शांत डोलणारे जहाज सुरक्षित असतेच असे नाही. जहाज किती कलते ह्यापेक्षा कलल्यावर ते किती जोराने परत येते, हे महत्त्वाचे. ह्या दुर्घटनेनंतर जहाजाच्या सावरण्याच्या ताकदीचा आलेख काढणे हा रचनाकारांच्या कामाचा अविभाज्य भाग झाला.

हलणे थांबवण्याचे प्रयत्न

इकडे पोटाचा प्रश्न शिल्लकच होता. पोलाद तयार करण्याच्या पद्धतीसाठी प्रसिद्ध असलेला हेन्री बेसेमर १८६८ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडताना इतका आजारी पडला की त्याने ह्या दुखण्याचाच बंदोबस्त करायचे ठरवले. त्याची कल्पना अशी होती : जहाज हलले तर हलू दे, प्रवाशांचे दालनच आसावर टांगून ठेवू. दालनातला एक माणूस पाणसळीकडे पाहत पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्राने ते समपातळीत ठेवील. जहाजाचा आराखडा केला त्याच एडवर्ड रीडने. १८७४ मध्ये १०७ मीटर लांबीचे 'बेसेमर' जहाज पाण्यात उतरले. ८ मे १८७५ रोजी ते प्रवाशांना घेऊन फ्रान्समधल्या कॅले बंदरात शिरत असताना सुकाणूला दाद देईना आणि धक्क्यावर जाऊन आदळले. कंपनी बुडाली. ते टांगते दालन रीडने आपल्या घराच्या आवारात नेऊन ठेवले. पुढे त्या घरात उद्यानविद्येचे महाविद्यालय निघाले आणि बोट न लागणाऱ्या दालनाचे व्याख्यानगृह झाले. तिथे मात्र ते कधीच हलले नाही!

खरे यश साध्या उपायांना आले. जहाजाच्या बुडाला दोन्ही बाजूंच्या वळणावर लांब, अरुंद पट्ट्या जोडल्या, तर डोलताना त्या पाणी ढवळतात आणि हेलकाव्याची शक्ती त्यात खर्ची पडते. अशा पट्ट्यांचा उपयोग फ्रूडने १८७० नंतरच्या प्रयोगांत मोजून दाखवला. आजही बहुतेक मोठ्या जहाजांना त्या असतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या ओटो श्लिक याने भोवऱ्याचे तत्त्व वापरले. वेगाने फिरणारा भोवरा आपला आस सहजी कलू देत नाही. मग जहाजात मोठा भोवरा का बसवू नये? १९३२ च्या 'कोंते दी साव्होया' ह्या इटालियन प्रवासी जहाजात तसे तीन भोवरे होते, प्रत्येकी सुमारे १०० टनांचे. त्यांनी डोलणे कमी होई. पण एवढे वजन आणि एवढी जागा देणे परवडणारे नव्हते.

अखेर टिकला तो माशासारखा उपाय. जपानमध्ये शिंतारो मोटोरा यांनी १९२० नंतरच्या दशकात जहाजाच्या दोन्ही कुशींना हलते पर जोडले. पुढे ब्रिटनमध्ये ही रचना सुधारून १९३६ मध्ये 'आइल ऑफ सार्क' ह्या प्रवासी बोटीवर बसवली गेली. जहाज डावीकडे कलू लागले की डावीकडचा पर पाणी खाली ढकलतो आणि उजवीकडचा वर. विमानाच्या पंखांवर चालते तेच तत्त्व. १९५० मध्ये हे पर 'चुसान' ह्या मोठ्या प्रवासी जहाजावर आले. मुंबई बंदर ह्या जहाजाच्या फेऱ्यांत होते. आजची पर्यटक जहाजे बहुधा अशाच परांवर आपला डोल आवरून धरतात.

मात्र ह्या परांच्या दोन मर्यादा लक्षात ठेवायला हव्यात. एक, ते आडवे डोलणे थांबवतात. नाळ वर-खाली होणे किंवा सारे जहाजच उचलले जाणे त्यांना फारसे आवरता येत नाही. दोन, ते पुढे जाणाऱ्या पाण्याच्या प्रवाहावर काम करतात. जहाजच थांबले तर तेही निकामी होतात. ह्या दुसऱ्या मर्यादेकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

दोष पोटाचा नव्हे

जहाजाचा अभ्यास चालू असताना दुसरीकडे काही जण माणसाचा अभ्यास करत होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींविषयी केलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतल्या अनेकांना गोल गोल फिरवूनही चक्कर येत नसे, आणि बोट लागण्याचा त्रासही अशा लोकांना होत नसावा असे त्याला दिसले. म्हणजे मूळ पोटात नसून कानात होते. आपल्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन लहान पिशव्या असतात. नलिका डोके वळल्याचे आणि पिशव्या डोके कलल्याचे वा उचलले गेल्याचे मेंदूला कळवतात.

ह्याची मजेदार खातरजमा १९६० च्या सुमारास झाली. अंतराळप्रवासाची तयारी करणाऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ज्यांची आंतरकर्णातली ही यंत्रणा लहानपणच्या आजारात निकामी झाली होती अशा अकरा कर्णबधिर स्वयंसेवकांची मदत घेतली. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीतून नेण्यात आले. स्वयंसेवक पत्ते खेळत मजेत बसले. प्रयोग मात्र अर्धवट सोडावा लागला, कारण शास्त्रज्ञांनाच बोट लागली!

केबिनमध्ये बसलेल्या माणसाचे डोळे सांगतात, 'भिंती, टेबल, खाट, सारे जागच्या जागी आहे.' कान सांगतात, 'आपण वर-खाली होत आहोत.' ह्या दोन साक्षींचा मेळ बसत नाही आणि मळमळ सुरू होते, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिले की बरे वाटते. डोळ्यांची आणि कानांची साक्ष जुळते. बोट लागणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही. उलट, कान नीट काम करत असल्याची ती खूण आहे.

औषध सापडले तेही योगायोगाने. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९४७ मध्ये एका बाईला अंगावर पित्त उठते म्हणून नवे औषध दिले होते. तिच्या ध्यानात आले, की नेहमी ट्रामने लागणारी मळमळ थांबली आहे! डॉक्टरांनी हा धागा सोडला नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये १३०० हून अधिक सैनिकांना घेऊन हिवाळी अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजावर ह्या औषधाची चाचणी झाली. काहींना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी साधी गोळी दिली. फरक स्पष्ट होता. हेच 'ड्रामामाईन'.

१९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तरुण स्वयंसेवकांना वर-खाली हलणाऱ्या खोलीत बसवले गेले. सर्वांत जास्त त्रास झाला तो सुमारे ५ ते ६ सेकंदांना एक हेलकावा ह्या गतीला. भराभर हलण्याने तितका त्रास होत नाही, अगदी संथ हलण्यानेही नाही. आणि हे वर-खाली होणे नेमके परांना न आवरणारे! म्हणून पर कितीही चांगले असले तरी बोट लागायची ती लागतेच.

मग बुडते कशाने?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. काश्याच्या खडकाजवळ तिला पावसाळी वाऱ्याने आणि लाटांनी गाठले. बोट एका बाजूला कलली, माणसांची धावपळ झाली आणि काही वेळातच ती उलटली. ६०० हून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना कोकणातल्या अनेक घरांत असा आकांत झाला. आपल्या डब्याच्या प्रयोगात सेल चिकटवायला सांगितले होते, ते ह्यासाठीच. न चिकटवता करून पाहा. डबा कलताच सेल त्याच बाजूला घरंगळतात आणि सावरणे अशक्य होते. खच्चून भरलेल्या बोटीत माणसे हेच ते सुटे वजन असते.

'रामदास'नंतर सत्तर वर्षांनी तंत्रज्ञान कितीतरी पुढे गेले होते. तरीही २३ मार्च २०१९ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ 'व्हायकिंग स्काय' ह्या आधुनिक पर्यटक जहाजाची इंजिने भर वादळात बंद पडली. जहाजावर १३७३ माणसे होती. चौकशीत आढळले, की इंजिनांच्या वंगणतेलाच्या टाक्यांत तेल कमी होते. जहाज जोराने डोलू लागल्यावर तेल एका बाजूला गेले, पंपांना ते मिळेना आणि इंजिने आपोआप थांबली. मग वेगही नाही, सुकाणूही नाही आणि परांचा उपयोगही नाही. जहाज खडकांकडे वाहत चालले. नांगर टाकून आणि कसेबसे इंजिन सुरू करून ते वाचवण्यात आले. हेलिकॉप्टरांनी ४७९ जणांना एकेक करून उचलले. एकही जीव गेला नाही.

ह्या दोन्ही घटनांत समुद्र खवळलेला होता हे खरे. पण त्याच समुद्रात इतर जहाजे वाचतात. घात करते ती जादा गर्दी, सुटे वजन, कमी भरलेली टाकी. ह्या गोष्टी प्रवाशाला जाणवत नाहीत. त्याला जाणवते ते हलणे, आणि त्याचीच त्याला भीती वाटते.

तेव्हा सुटीत बोटीने जाऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांना काय सांगावे? पोटासाठी : जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हेलकावा सर्वांत कमी असतो, वाचत बसू नये, क्षितिजाकडे पाहावे, औषध घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी घ्यावे. जिवासाठी : लाइफजॅकेट कुठे आहे आणि जमायची जागा कोणती, हे चढल्याबरोबर पाहून ठेवावे, सुरक्षेची कवायत चुकवू नये, बोट कलली तरी घोळक्याने एका बाजूला धावू नये, लहान होडीत माणसे जास्त झाली असतील तर चढूच नये, मग पाणी आरशासारखे शांत का असेना.

आम्हांला वाटते, ह्या दुसऱ्या यादीतली शेवटची सूचना वर्गात सर्वांत आधी सांगावी. पर्यटक जहाजावर आपले विद्यार्थी कधी जातील न जातील. पण नदीच्या तरीवर, धरणाच्या जलाशयात आणि किल्ल्याकडे नेणाऱ्या होडीत ते सहलीला नक्कीच जातात.